शेरा : निरंक

माझा धाकटा भाऊ पोलिसात नव्हता, नौदलात नव्हता, कोळीही नव्हता, आणि तरी समुद्रावर गस्त घालत होता. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत हे वाक्य कुणाला समजावून सांगणं मला कधी जमलं नाही. एकदोनदा प्रयत्न केला. समोरच्या बाई म्हणाल्या, "म्हणजे मासे पकडणाऱ्यांना पकडतो?" खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "असं होय. मग घरी आणतो का काही?" आमच्याकडे कांदालसूणसुद्धा चातुर्मासात वर्ज्य, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या दिवसापासून मी "नौदलात आहे" असं सांगायला लागले. नौदल म्हटलं की पुढचे प्रश्न बंद होतात.

खरं काय होतं ते आता सांगते. सौराष्ट्राच्या टोकाला एक बंदर आहे. तिथे मासेमारीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याची एक गस्तीची बोट होती. पांढरी, कडेला निळा पट्टा. बोटीवर बंदूक नाही. एक भोंगा, एक लाउडस्पीकर, वायरलेस, जुनं रडार आणि आठ माणसं. परवाने तपासायचे, बारीक आसाची, म्हणजे पिल्लंही अडकतील अशी जाळी असली तर दंड करायचा, कुणाचं इंजिन बंद पडलं तर ओढून आणायचं. आणि मुख्य म्हणजे बोटींना पुढे जाऊ द्यायचं नाही. कारण पुढे एक खाडी आहे, आणि तिच्या तोंडाशी समुद्र नेमका कुणाचा हे दोन देशांचं अजून ठरलेलं नाही. आपली रेघ वेगळी, त्यांची वेगळी. मासळी मात्र नेमकी त्या दोन रेघांच्या मधे. माझा भाऊ त्या देशाचं नाव कधी घेत नसे. "पलीकडचे" म्हणायचा. पलीकडच्यांची गस्त आली की बोट, माणसं, जाळी सगळं ओढून नेत. माणसं वर्षांनी परत येत, बोट कधीच येत नसे.

माझा भाऊ त्या पांढऱ्या बोटीवर वायरलेस ऑपरेटर होता. पुण्यातच रेडिओचा डिप्लोमा केला, पेपरातली जाहिरात बघून अर्ज टाकला आणि गेला. कंत्राटी नोकरी, दर दिवाळीला कंत्राट नवं करायचं.

मी तेव्हा शाळेत भूगोल शिकवायची. चाळिशीची, कडक इस्त्रीच्या साड्या नेसणारी, मोपेडवरून जाताना समोरच्या रिक्षावाल्याला हात दाखवून वाहतुकीचे नियम सांगणारी बाई होते मी. फळ्याकडे न बघता भारताचा किनारा खडूने काढायची, आणि त्याचा मला इतका गर्व होता की तपासणीला कुणी साहेब आले की मुद्दाम त्यांच्याकडे तोंड करून काढायची. ती खाडी माझ्या नकाशात खडूच्या जाडीएवढीही नव्हती. खडू तिच्यावरून सरळ जायचा. भाऊ एकदा म्हणाला होता, "ताई, तू आत्ता सात बोटी बुडवल्यास." मी त्याला फळ्यापुढे उद्धटपणा करायचा नाही म्हणून सांगितलं. वर्गही नव्हता तो, आमचा हॉल होता. आमच्या घरात एक फळा होता, यावरून काय ते समजा.

आई गेली तेव्हा तो दहा वर्षांचा आणि मी एकवीसची. वडील त्याआधीच गेलेले. त्यामुळे त्याला वाढवला मी, आणि हे त्याला आठवड्यातून एकदा सांगितलंही मीच.

दिवाळीला तो यायचा तेव्हा गमती सांगायचा. तिकडे बोटींना देवादिकांची नावं. एकाच देवाच्या नावाच्या सहा बोटी. वायरलेसवर नाव घेतलं की सहाही जण "हां बोलो" म्हणणार, नाहीतर कुणीच नाही बोलणार. म्हणून याने आपली वेगळी नावं पाडलेली. रोज दिवेलागणीला तो एकेकाला हाक मारून हजेरी घ्यायचा. हे काही नियमात नव्हतं. रेघेच्या जवळ बोट दिसली तर दोनदा पुकारा करायचा आणि नोंद करायची, इतकाच नियम. याची हजेरी ही याची स्वतःची कल्पना. बंदरावर उतरला की तो त्या तांडेलांबरोबर, म्हणजे बोटींच्या म्होरक्यांबरोबर, चहा प्यायचा. कुणाचा आवाज कसा, कोण खरं बोलतो, कोण खोटं, हे सगळं एका दोनशेपानी वहीत लिहून ठेवायचा.

त्या एका देवाच्या सहा बोटींतल्या एकीवरच्या म्हाताऱ्या तांडेलाची गोष्ट मी त्याच्याकडून दहादा ऐकली असेल. त्याच्या बोटीवर आपल्याकडचेच, डहाणू तलासरीकडचे खलाशी होते. हा म्हातारा पहिल्या हाकेला ओ द्यायचा नाही, दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्यांदा हाक मारली की मात्र यंत्रातून नुसता खोकायचा. एकदा भावाने त्याला बंदरावर गाठून विचारलं, आधी का बोलत नाहीस? म्हातारा म्हणाला, "दो बार बुलाता है वो सरकार है, जुर्माना लगाने को. तीसरी बार बुलाता है वो अपना आदमी." आणि खोकला म्हणजे ऐकलं, बोट वळवतो. शब्द खर्च करायचा नाही.

"मग तू त्याला काय नाव दिलंस?" माझे यजमान विचारायचे. त्यांना उत्तर माहीत असायचं.

"खोकणारी."

"बोट स्त्रीलिंगी, खोकला पुल्लिंगी. तुझ्या ताईला चालतं का हे?"

मला चालत नव्हतंच. मला काहीच चालत नव्हतं. तो एकोणतिशीला आला होता, आणि मी त्याच्यासाठी मुली बघत होते.

तो काळ नव्वदीच्या शेवटचा. कोथरूडात दर दुसऱ्या इमारतीवर कंप्युटर क्लासची पाटी लागत होती. काल ज्या गाळ्यात पिठाची गिरणी होती तिथे आज वातानुकूलित खोली आणि बाहेर पन्नास जोडी चपला. ज्याच्या त्याच्या तोंडी दोन हजार सालाचा गोंधळ आणि अमेरिकेचा व्हिसा. भाजी घ्यायला मंडईत गेलं तरी वांगी निवडता निवडता बायका "आमचा जावा करतो" म्हणायच्या. जावा म्हणजे काय हे मलाही माहीत नव्हतं, पण मी मान डोलवायची. अशात आमच्याच रस्त्यावरच्या एका घरातली मुलगी मला पसंत पडली. शिकलेली, गोरी, आवाज गोड. तिच्या वडिलांनी मला चहा दिला आणि म्हणाले, "नौदलात असतात ना? बढती वगैरे?" मला खरं सांगावं लागलं. ते ऐकून त्यांनी बशीतली बिस्किटं हळूच आपल्याकडे ओढून घेतली, असं मला आजही वाटतं. म्हणाले, "आम्ही आयटीतलं स्थळ बघतोय. त्यांनी काही कोर्स वगैरे केला तर कळवा."

मी घरी आले ती ठरवूनच.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी पाट मांडला, रांगोळी काढली. तो आंघोळ करून, आमच्या यजमानांचा सदरा घालून बसला. मी ओवाळलं. रीतीप्रमाणे बहीण ताट धरून उभी राहते आणि भाऊ ओवाळणी घालतो. त्याने खिशात हात घातला.

"थांब," मी म्हटलं. "आधी मी मागते ते दे."

"साडी मागू नकोस. मागच्या वर्षीची तू भांडीवाल्या मावशींना दिलीस. मला त्यांच्याच अंगावर दिसली."

"साडी नको. ती नोकरी सोड."

तो हसला. मी ताट हलवलं नाही. तो म्हणाला, "ताई, निरांजन विझेल."

"विझू दे."

यजमानांनी पेपर खाली केला. "अगं, ओवाळणीत वस्तू मागतात. माणूस मागत नाहीत."

"तुम्ही मधे बोलू नका. याला वाढवलाय मी." हे झालंच. "आई असती तर तिनं हेच मागितलं असतं. रोज संध्याकाळी तू त्या वादातल्या पाण्यावर तरंगत असतोस आणि मी इथे देवापुढे बसते." हे खोटं होतं. त्या वेळी मी टीव्हीपुढे बसायची. "उद्या तुलाच ओढून नेलं तर मी कुणाला ओवाळू?"

हे शेवटचं वाक्य म्हणताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं की मुलीच्या वडिलांच्या बिस्किटांमुळे होतं, हे मला तेव्हा वेगळं काढता आलं नाही. आज येतं. निम्मं निम्मं होतं.

त्याच्या कपाळावरचं कुंकू ओघळून भुवईपर्यंत आलं होतं. मग तो उठला, आत जाऊन पिशवीतून ती वही घेऊन आला आणि ताटात ठेवली. सुपारी घरंगळली, वहीच्या कव्हरला ओलं कुंकू लागलं.

"ही माझी म्हणता येईल अशी तिथली एवढीच वस्तू आहे," तो म्हणाला. "घे."

मी जिंकले होते. यजमान पेपर वाचायला लागले. त्या दिवशी मी बासुंदी केली होती. त्याने दोनदा मागून घेतली आणि मला वाटलं, झालं, खूश आहे.

त्याने कंत्राट नवं केलं नाही, बस. क्लासची फी मी भरली आणि हॉलमधल्या दिवाणावर त्याची जागा झाली. चारच दिवसांनी म्हणाला, "ताई, ती वही तिकडे पाठवायला हवी. माझ्या जागी नवा माणूस आलाय. लाभपंचमीला बोटी पुन्हा सुटल्यात. वहीशिवाय त्याला काही कळायचं नाही."

"ओवाळणी परत देतात का कुठे? अपशकुन असतो."

"मग मी उतरवून काढतो."

"तुझं अक्षर? वैद्यसुद्धा बरं लिहितात. तू अभ्यास कर. मी काढते नक्कल."

"जसं आहे तसं काढ हं," तो म्हणाला.

माझं अक्षर शाळेत प्रसिद्ध होतं. निकालपत्रकं, मानपत्रं, सूचनाफलक, सगळं माझ्याकडे. मी दोन रविवार बसले. आखीव कागद आणले, लाल शाईने समास मारले, रकाने पाडले: अनुक्रमांक, नौकेचे नाव, मालकाचे गाव, शेरा. आणि मग वही उघडली.

काय होतं त्या वहीत. "नवा रंग : विचारलं की लगेच उत्तर देतो, पण खोटं. तीन मैल म्हणाला की एक समजा." "आजीची : तांडेलाच्या आईच्या जिवावर घेतलेली बोट. आईची शपथ घाला, वळते." "जावई : मालक सासरा आहे. सासऱ्याचं नाव काढलं तर मुद्दाम पुढे जातो, काढू नये." आणि ती खोकणारी, तिच्यापुढे चार ओळी. मी एकटीच हसत होते. यजमान म्हणाले, "काय गं?" मी वाचून दाखवलं. तेही हसले.

मग मी पेन उचललं आणि भूगोलाची बाई झाले. सरकारी बोटीवर जाणारा कागद, त्यावर 'खोकणारी'? 'जावई'? माझ्या हस्ताक्षरात? उद्या एखादा वरिष्ठ अधिकारी बघेल, माझ्या भावाबद्दल काय मत होईल. (आणि माझ्याबद्दल.) बोटींची खरी नावं आणि गावं वहीत कंसात होती, ती मी लिहिली, अकारविल्हे लावून. एका देवाच्या सहा बोटी ओळीने आल्या, त्यांना पहिली ते सहावी असे क्रम दिले. पहिली कुठली आणि चौथी कुठली, ते माझं मीच ठरवलं. शेऱ्याच्या रकान्यात मोकळी जागा राहिली, ती बरी दिसेना. शाळेत दाखल्यावर काही लिहायचं नसलं की आम्ही जो शब्द लिहायचो तोच मी वरून खालपर्यंत लिहिला. निरंक. निरंक. निरंक. सत्तेचाळीस वेळा, एकाही ठिकाणी अनुस्वार न चुकता.

भावाला दाखवली नाही. तो क्लासला होता. रजिस्टर पोस्टाने पाठवून दिली आणि त्याला म्हटलं, "गेली हो तुझी वही." त्याने मला नमस्कार केला. थट्टेत केला, पण केला.

आठवडा दीड आठवड्याने दुपारी फोन आला. फोन आमच्याकडे नवा होता, त्यावर मी विणलेला रुमाल घातलेला असे. पलीकडून गुजराती वळणाचं हिंदी. भावाच्या जागी आलेला ऑपरेटर, आवाजावरून संसारी माणूस वाटला.

"बहनजी, आपकी कॉपी मिली. क्या अक्षर है. छापे जैसा."

मी फुगले. "थँक्यू," म्हटलं.

"बस, एक बात. कप्तानसाब बोलते हैं, इसमें एक खांसनेवाली है, उसका कुछ अलग हिसाब है. वो कौनसी है? यहाँ तो सबके आगे निरंक लिखा है. भाईसाब से बात करा देंगी?"

भाऊ अर्ध्या तासात येणार होता. मी हे सांगायला हवं होतं. वही कपाटात होती, मी स्वतःही वाचून दाखवू शकले असते, चार ओळी होत्या. पण त्या दिवसांत भाऊ दिवेलागण झाली की गॅलरीत जाऊन उभा राहायचा, आणि मी खिडकीतून त्याचे ओठ हलताना पाहिले होते. हजेरी घेत होता तो, कोथरूडच्या गॅलरीतून. एक फोन, आणि हा संध्याकाळच्या गाडीत बसेल, अशी मला भीती. क्लास लावल्याचं मी कळवलं होतं, आणि त्या रविवारी मुलीकडे बघण्याचा कार्यक्रम ठरलेला. आणि खरं सांगायचं तर याहून एक बारीक कारण होतं. मी शेरे गाळले हे भावाला कळलं असतं.

"निरोप देते," मी म्हटलं. नंबर कॅलेंडरच्या पानावर लिहिला. रविवार होऊ दे, मग सांगू. रविवार झाला. मग वाटलं, आता एवढ्या दिवसांनी काय सांगायचं. महिना संपला, पान फाडलं. त्या पानाने मी डबा पुसला.

ती मुलगी पुढच्या महिन्यात कॅलिफोर्नियातल्या मुलाशी ठरली. त्याने जावा केलं होतं.

संक्रांतीच्या आधी कप्तानांचं पत्र आलं, भावाच्या नावे. त्याने चहा पीत पीत मोठ्याने वाचायला घेतलं आणि मधेच आवाज बारीक झाला. संध्याकाळी रडारवर एक बोट दिसली होती, रेघेच्या फार जवळ. ओहोटीचा ओढा तिला पुढे नेत होता आणि तिला पत्ता नसावा. नव्या ऑपरेटरने दोनदा पुकारा केला. उत्तर नाही. यंत्र बंद असेल असं समजून त्याने नियमाप्रमाणे नोंद केली. पांढऱ्या बोटीला पुढे जायला परवानगी नव्हती. थोड्या वेळाने पलीकडच्यांची गस्त आली. म्हातारा आणि सहा खलाशी. बोटीसकट.

"दोनदा," भाऊ म्हणाला. "वहीत लिहिलं होतं ना ताई, तिसऱ्यांदा हाक मारायची म्हणून. तू उतरवलं होतंस ना?"

मी ओट्याशी तिळाचा पाक करत होते. पाक हलवत राहायला लागतो, नाहीतर करपतो. मी पाठ न वळवता म्हटलं, "सगळं उतरवलं होतं."

"मग त्याला वाचता येत नाही का?"

मी पाक हलवत राहिले. यजमानांनी फक्त माझ्याकडे बघितलं. त्या वर्षी त्यांनी तिळगूळ खाल्ला नाही, दात दुखतो म्हणाले.

त्या नव्या ऑपरेटरबद्दल मग माझ्या भावाने पंचवीस वर्षं एकही चांगला शब्द काढला नाही. सौम्य स्वभावाचा माझा भाऊ, पण त्याचा विषय निघाला की जबडा आवळायचा. "तीन वेळा हाक मारायला काय पैसे पडतात?" मी दर वेळी मान डोलवली. मंडईतल्या बायकांच्या 'जावा'ला डोलवायची, तशीच.

सातही जण साडेतीन वर्षांनी सुटून आले. भाऊ तोवर नोकरीला लागला होता, आधी एका बंगल्याच्या गच्चीवरच्या कंपनीत, मग हडपसरला काचेच्या इमारतीत. लग्नही त्याने आपलं आपण ठरवलं, मला पत्रिका छापल्यावर कळलं. त्याचं काम काय, तर दूरदूरच्या यंत्रांना हाका मारून ती जिवंत आहेत का बघणं. त्याची मुलगी त्याला नेहमी विचारते, "बाबा, तुम्ही आयटीत कशामुळे आलात?" तो म्हणतो, "तुझ्या आत्याने ओवाळणीत मागितलं." सगळे हसतात.

म्हातारा सुटल्याचं कळलं तेव्हा भावाने बंदरावरच्या कुणाच्या तरी फोनवर त्याला गाठलं. फोन ठेवल्यावर मी विचारलं.

"काय म्हणाला?"

"मी ओळखलंच नाही त्याला. खोकला नाही राहिला. तिकडच्या दवाखान्यात बरा झाला म्हणे." मग म्हणाला, "बोट गेली. आता दुसऱ्याच्या बोटीवर जाळी धुतो."

त्या वेळी सांगता आलं असतं. तेव्हा मी पंचेचाळिशीची होते, अकलेचं वय. यजमान गेले तेव्हाही सांगता आलं असतं. त्यांनी जाण्याआधी एकदाच विषय काढला. म्हणाले, "तुझं अक्षर फार चांगलं आहे. तेच नडलं." मी म्हटलं, औषध घ्या.

मागच्या वर्षी भाऊ एका दुपारी आला, मी पडवळ चिरत होते, तेव्हा म्हणाला, "त्या माणसाचा फोन आला होता."

"कुठल्या?"

"माझ्या जागी आलेल्या. रिटायर झालाय. मुलगा हडपसरला आयटीत आहे, त्याच्याकडे आलाय. भेटायचं म्हणत होता. मी म्हटलं, मला जमणार नाही." आणि पुढे म्हणाला, "मला त्याचं तोंड बघायचं नाही."

सत्तरीकडे झुकलेल्या बाईला कुणाची भीती असते? मला होती. मी विळी आडवी केली आणि सांगितलं. शेऱ्याच्या रकान्यापासून कॅलेंडरच्या पानापर्यंत सगळं. मधे त्याने एकदाही अडवलं नाही. वाटलं होतं ओरडेल. ओरडला असता तर बरं होतं.

"निरंक?" तो म्हणाला.

"हो."

"सत्तेचाळीस वेळा."

"हो."

तो गॅलरीत गेला. फोनवर कुणाशी तरी बोलला, फार थोडं. आत येऊन चपला घातल्या. "रविवारी येतोय तो. मी इथे बोलावलंय त्याला. मी पण येईन." आणि दारात थांबून म्हणाला, "मी नाही सांगणार. तू सांग."

रविवारी ते गृहस्थ आले. बारीक अंगाचे, पांढरा सदरा, हातात सुनेने केलेल्या सुखडीच्या वड्यांचा डबा. माझ्या भावाला बघून हात जोडले आणि जोडलेलेच ठेवले. चहा झाला. हवापाण्याचं झालं. मग त्यांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काही काढलं. माझे आखीव कागद. लाल समास अजून लाल.

"संभाल के रखा है," ते म्हणाले. "बाद में सब बोले, उसको तीसरी बार बुलाना था, लिखा हुआ था. मैंने कितनी बार ढूँढा. मुझे लगा, एकाध पन्ना मुझसे गुम हो गया." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आपका फिर फोन नहीं आया बहनजी, तो सोचा, भाईसाब नाराज होंगे."

भाऊ खिडकीबाहेर बघत होता.

मी माझ्या वाईट हिंदीत सांगितलं. पन्ना गुम नाही झाला, मी लिहिलाच नाही. फोनचा निरोप पण दिला नाही. ते ऐकत राहिले. कपात चहा उरला होता, तो त्यांनी संपवला नाही, बशीवर कप हळूच ठेवला. राग आला असेल. तो त्यांनी मला दाखवला नाही. फक्त म्हणाले, "पच्चीस साल," आणि कागदांवरून हात फिरवला.

निघताना दारात थांबले. "वो असली किताब है क्या?"

मी भावाकडे बघितलं. तो म्हणाला, "दे."

कपाटातून वही काढली. लग्नातल्या शालूच्या खाली होती. कव्हरवरचं कुंकू काळपट पडलं होतं. मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी पानं उलटली, चष्मा वर केला, खाली केला. माझ्या भावाचं अक्षर त्यांना लागेना.

"वो खांसनेवाली कौनसी है?" त्यांनी विचारलं. फोनवर विचारलं होतं तसंच, अगदी त्याच अदबीने.

मी वही घेतली, पान काढलं आणि दारातच उभी राहून चारही ओळी वाचल्या. "खोकणारी. पहिल्या हाकेला बोलत नाही, दुसऱ्यालाही नाही. थांबू नये, तिसऱ्यांदा मारावी. खोकला की समजावं, ऐकलं."

त्यांनी खिशातून पेन काढलं, माझी प्रत भिंतीला टेकवली आणि त्या एका देवाच्या सहा नावांवरून बोट फिरवत भावाला विचारलं, "इनमें से?" भावाने पुढे होऊन मालकांची गावं वाचली आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी माझा 'निरंक' खोडला आणि तो रकाना भरायला घेतला. जागा पुरली नाही. समासात लिहीत गेले.